‘मेटल गिअर’ची मूळ प्रत

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांस एक अनुभव वारंवार येतो. ग्रंथाची जी प्रत सर्वत्र पसरते, जिच्यावरून लोक त्या ग्रंथाविषयीं आपलीं मतें बनवितात, ती बहुधा मूळ प्रत नसते. कोणा घाईच्या लेखकानें उतरलेली, मधलीं पानें गाळलेली, कोठें पदरचा मजकूर घातलेली अशी ती नक्कल असते. शके १५०६ मध्यें एकनाथांस ज्ञानेश्वरी शुद्ध करावयास बसावें लागलें तें याच कारणानें. छापखाना आल्यावर ही अडचण संपली असें आपणांस वाटतें. आणि यंत्रावर चालणाऱ्या खेळांच्या बाबतींत तर ती उद्भवणारच नाहीं अशी कोणाचीहि समजूत व्हावी, कारण यंत्राची नक्कल अक्षरशः बरहुकूम असते. परंतु गेल्या चाळीस वर्षांतील एका प्रसिद्ध व्हिडिओ गेमचा इतिहास पाहिला म्हणजे या समजुतीस चांगलाच धक्का बसतो. हा खेळ म्हणजे ‘मेटल गिअर’. त्याच्या नांवाची मालिका पुढें जगभर गाजली. पण १९८७ च्या जुलै महिन्यांत जपानांत निघालेली त्याची पहिली आवृत्ति फार थोड्यांनीं पाहिली आहे; आणि ‘आम्ही मूळ मेटल गिअर खेळलों आहों’ असें जे अभिमानानें सांगतात, त्यांतील बहुतेकांनीं पाहिली ती दुसरीच. प्रस्तुत लेखकहि पुष्कळ दिवस याच मंडळींत मोडत होता.

ज्या वाचकांस अशा खेळांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. युद्धाच्या व्हिडिओ गेममध्यें खेळणारा जिला चालवितो ती आकृति पडद्यावर पुढें पुढें जाते, समोर येईल त्या शत्रूवर गोळ्या झाडते, आणि जितके शत्रु मारावे तितके गुण मिळविते. १९८० नंतरच्या दशकांत असे खेळ उदंड झाले. ‘मेटल गिअर’मध्यें हा व्यवहार उलटा आहे. सॉलिड स्नेक या टोपणनांवाचा एक नवशिका सैनिक शत्रूच्या किल्ल्यांत पाण्याखालून एकटाच शिरतो, तेव्हां त्याच्याजवळ सिगारेटचें एक पाकीट आणि एक बिनतारी यंत्र यांखेरीज कांहीं नसतें. बंदूक नाहीं, गोळ्या नाहींत. पहारेकऱ्याची पाठ फिरण्याची वाट पाहावी, भिंतीच्या आडून सरकावें, दिसलों तर पळावें, आणि लागणारें प्रत्येक हत्यार शत्रूच्याच कोठारांतून मिळवावें, असा हा खेळ आहे. इंग्रजींत अशा खेळांस ‘स्टेल्थ’ हें नांव पडलें आहे; आपण त्यांस चोरपावलांचे खेळ म्हणूं. आपल्याकडील वाचकास येथें गनिमी काव्याची आठवण होण्याचा संभव आहे, पण ती तुलना लागू पडत नाहीं. गनिमी कावा म्हणजे अनुकूल जागीं शत्रूस गांठून त्याचा समाचार घेण्याची विद्या. येथें शत्रूस गांठावयाचेंच नाहीं. आपण येऊन गेलों हें त्यास कळूंच द्यावयाचें नाहीं.

ही कल्पना सुचली कशी याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. हिदेओ कोजिमा हा सिनेमावेडा तरुण १९८६ सालीं जपानांतील कोनामी कंपनींत नोकरीस लागला. त्याची नेमणूक झाली ती एमएसएक्स या घरगुती संगणकाच्या विभागांत, आणि ती त्यास फारशी रुचली नव्हती. ‘पेंग्विन ॲडव्हेंचर’ या खेळांत त्यानें साहाय्यकाचें काम केलें. पुढें एक स्वतंत्र खेळ हातीं घेतला तो मध्येंच रद्द झाला. त्यानंतर युद्धाचा एक खेळ त्याच्या गळ्यांत पडला. एमएसएक्स हें एका कारखान्याच्या यंत्राचें नांव नव्हे. १९८३ सालीं जाहीर झालेला तो एक ठरीव नमुना होता, आणि त्याबरहुकूम सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, यामाहा अशा अनेकांनीं आपापले संगणक बनविले. १९८५ सालीं त्याची सुधारलेली दुसरी पायरी निघाली, ती एमएसएक्स-२. या पायरीवरील चित्रयंत्र रंगांच्या बाबतींत उदार होतें, पण हलत्या आकृतींच्या बाबतींत कृपण. पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या लहान सुट्या आकृतीस ‘स्प्राइट’ म्हणतात. असे स्प्राइट एका वेळीं सबंध पडद्यावर ३२ च, आणि एका आडव्या ओळींत तर ८ च दिसूं शकत. नववा आला कीं तो अदृश्य होई. त्यांतून सैनिकाच्या आकृतींत थोडी रंगसंगति आणावयाची म्हणजे दोन-दोन स्प्राइट एकावर एक ठेवावे लागत. नायक, तीनचार शत्रु आणि दोन्ही बाजूंच्या गोळ्या एका ओळींत आल्या कीं माणसें पडद्यावरून नाहींशीं होऊं लागत. पार्श्वभूमि आडवी सरकविण्याची सोयहि त्या यंत्रांत नव्हती.

जेथें शत्रूची फौज दाखवितां येत नाहीं तेथें युद्ध दाखवावयाचें कसें? कोजिमानें उत्तर काढलें तें असें कीं लढाईच नको. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन छावणींतून निसटणाऱ्या कैद्यांची कथा सांगणारा ‘द ग्रेट एस्केप’ हा १९६३ सालचा चित्रपट त्याच्या डोळ्यांपुढें होता. प्रथम नुसत्या पलायनाचाच खेळ करावा असें त्याच्या मनांत आलें. पण सदा पळणारा नायक कोणास आवडणार? म्हणून त्यानें वाट उलटी फिरविली, आणि बाहेर निसटण्याऐवजीं आंत शिरणें हें ध्येय ठरविलें. यंत्राच्या दारिद्र्यांतून निघालेली ही युक्ति होती हें त्यानें स्वतः पुढें अनेकदां सांगितलें आहे. आणि माझ्या मतें मूळ प्रत समजून घेण्याची किल्ली याच गोष्टींत आहे. दारिद्र्य लपवावें हा कारागिराचा नेहमींचा प्रयत्न असतो. येथें त्यानें तेंच विषय म्हणून पुढें मांडलें.

चोरपावलांचा हा जगांतील पहिलाच खेळ, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें खरें नाहीं. १९८१ सालींच अमेरिकेंत सायलस वॉर्नर यानें ॲपल-२ संगणकासाठीं ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हा खेळ लिहिला होता. त्यांतहि एक कैदी नाझींच्या किल्ल्यांतून खोलीमागून खोली ओलांडीत जातो, शत्रूचा गणवेष चढवून पहारेकऱ्यांस फसवितो, आणि त्याच्या गोळ्या मोजक्याच असतात. त्या खेळाचीहि गत अशीच झाली. १९९२ सालीं त्याच नांवाचा आधार घेऊन निघालेल्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’नें चोरपावलें सोडून धडाधड गोळ्या झाडण्याचा मार्ग धरला, आणि नांवाचा सारा लौकिक तोच घेऊन बसला. तेव्हां पहिलेपणाचा मान ‘मेटल गिअर’कडे जात नाहीं, पण तो मान मला गौण वाटतो. कल्पना कोणास आधीं सुचली यापेक्षां तिचे नियम कोणी किती स्वच्छ बसविले हें पाहणें अधिक फलदायी आहे.

या खेळांतील पहारेकरी फक्त सरळ रेषेंत पाहतो. बुद्धिबळांतील हत्तीप्रमाणें त्याची दृष्टि उभी किंवा आडवी धांवते. तिरक्या कोपऱ्यांत तुम्ही त्याच्या हाताच्या अंतरावर उभे असलां तरी त्यास तुमचा पत्ता नसतो. अलीकडच्या खेळांची संवय झालेला माणूस हें पाहून हंसतो, आणि प्रथमदर्शनीं मीहि हंसलों होतों. पण घटकाभर खेळल्यावर लक्षांत येतें कीं यांत नियमाची स्वच्छता आहे. प्रत्येक पडदा म्हणजे एक खोली किंवा एक अंगण. तो एकदम समोर येतो आणि स्थिर राहतो. पहारेकरी किती, कोण कोठें तोंड करून उभा आहे, भिंतीवरचा कॅमेरा कोणत्या टोंकापासून कोणत्या टोंकापर्यंत सरकतो, हें सर्व एका दृष्टिक्षेपांत दिसतें. पट मांडलेला आहे. आतां चाल तुमची. तुम्ही दिसलांत तर पहारेकऱ्याच्या डोक्यावर एक उद्गारचिन्ह उमटतें आणि त्या खोलींतील लोक तुमच्यावर धांवून येतात. खोली सोडली कीं प्रकरण मिटतें. दोन उद्गारचिन्हें उमटलीं तर मात्र बाहेरून कुमक येते, आणि नुसती खोली सोडून सुटका होत नाहीं. व्याकरणाच्या पुस्तकांतील एका चिन्हाचा इतका धाक बसावा ही मोठी मौज आहे. फौज दाखवितां येत नसल्यामुळें येथें प्रत्येक पहारेकऱ्यास महत्त्व आलें आहे. एखादा तर उभ्याउभ्याच डुलकी घेतो, आणि त्याची ती डुलकी मोजीत भिंतीशीं थांबण्यांत जो काळ जातो तोच या खेळाचा खरा रस होय.

परंतु मूळ प्रतीचें मर्म याहूनहि अधिक बिनतारी यंत्रांत आहे. कथा अशी: दक्षिण आफ्रिकेंत ‘आउटर हेवन’ या नांवाचें भाडोत्री सैनिकांचें एक तटबंद राज्य उभें राहिलें आहे. तेथें कसलें तरी भयंकर हत्यार तयार होत आहे असा सुगावा लागतो. त्याच्या शोधासाठीं गेलेला ग्रे फॉक्स हा कसलेला सैनिक नाहींसा होतो, आणि त्याचा शेवटचा निरोप ‘मेटल गिअर’ एवढ्या दोन शब्दांचाच येतो. मग नवख्या स्नेकला पाठविण्यांत येतें. त्याचा सेनापति बिग बॉस दुरून बिनतारीवर त्यास सल्ला देत असतो: हें हत्यार असें चालतें, त्या खोलींत विषारी वायु आहे, अमक्या ठिकाणीं तमकी वस्तु मिळव. खेळणारा एकटा; बाहेरच्या जगाशीं त्यास जोडणारा धागा तो एवढाच.

या धाग्यावर विश्वास बसत असतांनाच खेळ दुसरीकडून संशयाचे धडे देऊं लागतो. ग्रे फॉक्सच्या कोठडीकडे जाण्याचा मार्गच असा आहे कीं स्नेकनें आपण होऊन पकडलें जावें. सर्व हत्यारें काढून घेऊन त्यास कोठडींत टाकतात. भिंतीचा पोकळ भाग मुठीनें फोडून त्यास बाहेर पडावें लागतें. पुढें सामान परत मिळतें, पण त्या सामानांत शत्रूनें एक लहानसें प्रेषक यंत्र गुपचूप घातलेलें असतें, आणि तें फेकून देईपर्यंत पहारेकरी तुमचा माग सोडीत नाहींत. आपल्याच झोळींत शंकेनें पाहावयास शिकविणारा हा प्रसंग मला फार मार्मिक वाटतो. कैद्यांची सुटका हा दुसरा धडा. पांच कैदी सोडविले म्हणजे नायकाचा हुद्दा एका ताऱ्यानें वाढतो. हुद्द्याबरोबर त्याची जीवशक्ति वाढते आणि अधिक दारूगोळा बाळगतां येतो. चुकून एखादा कैदी आपल्या हातून मेला तर हुद्दा खालीं येतो. शत्रु मारल्याबद्दल मात्र हुद्द्यांत काडीइतकीहि भर पडत नाहीं. प्रतिकाराच्या चळवळींतील जेनिफर ही स्त्री तर सर्वोच्च हुद्दा मिळाल्यावांचून बिनतारीवर उत्तरच देत नाहीं. १९८७ सालच्या युद्धखेळांत हिशेबाची ही चोपडी अगदीं निराळी होती.

खेळाच्या शेवटाकडे बिग बॉसचा सल्ला वांकडा होऊं लागतो. त्यानें सांगितलेल्या वाटेनें जावें तों पाय सांपळ्यांत पडतो. प्रथम वाटतें, आपलीच कांहीं चूक झाली असेल. आणि मग एका वळणावर तो हुकूम देतो: मोहीम रद्द झाली आहे, एमएसएक्स ताबडतोब बंद कर. हा हुकूम स्नेकला नाहीं. स्नेकजवळ एमएसएक्स कोठून असणार? तें खेळणाऱ्याच्या पुढ्यांत, त्याच्या घरच्या टेबलावर आहे. नाटकांतील पात्रानें प्रेक्षकांस उद्देशून बोलण्याचा प्रघात फार जुना. पण येथें पात्र प्रेक्षकाच्या घरांत येऊन दिवा मालवूं पाहतें. आउटर हेवनचा मुख्य स्वतः बिग बॉसच आहे, हें कळण्यास मग फार वेळ लागत नाहीं. ज्या आवाजाच्या भरंवशावर सबंध किल्ला पालथा घातला तोच शत्रूचा निघतो. आणि नवशिक्यास या कामगिरीवर धाडण्याचें कारणहि उलगडतें. तो अयशस्वी व्हावा म्हणूनच त्याची निवड झाली होती.

आतां नकलेकडे वळूं. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठीं हा खेळ २२ डिसेंबर १९८७ रोजीं, म्हणजे मूळ प्रतीनंतर सहा महिन्यांच्या आंतच, पुन्हां निघाला, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत पोंचला. तेथें तो कोनामीच्या नांवानें न निघतां ‘अल्ट्रा गेम्स’ या तिच्याच दुसऱ्या नांवाखालीं निघाला, कारण एका प्रकाशकानें वर्षाकांठीं किती खेळ काढावे यावर निन्टेन्डोनें तेथें मर्यादा घातली होती. ही आवृत्ति दुसऱ्याच लोकांनीं तयार केली. कोजिमाचा तिच्याशीं संबंध नव्हता. फरक पहिल्याच दृश्यापासून सुरू होतो. पाण्याखालून एकट्यानें शिरण्याऐवजीं नायक हवाई छत्रीनें जंगलांत उतरतो. त्याच्याबरोबर आणखी सैनिक उतरतांना दिसतात, पण पुढें त्यांचा मागमूसहि लागत नाहीं. मूळ इमारतींचे खालचे मजले तोडून त्यांच्या निराळ्या इमारती केल्या आहेत, आणि मध्यें चकव्याचीं जंगलें घातलीं आहेत. तेथें ठराविक क्रमानें वळलें नाहीं तर तेच पडदे फिरून फिरून समोर येतात. छपरावर हिंद-डी हेलिकॉप्टरशीं होणारी झुंज गेली. तिच्या जागीं दोन बंदूकवाले आले. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, ज्याच्या नांवावर खेळ विकला तो मेटल गिअरच या आवृत्तींत कोठें नाहीं!

मूळ खेळांत मेटल गिअर हा अण्वस्त्र डागणारा, दोन पायांवर चालणारा रणगाडा आहे. त्याच्या पायांशीं सोळा स्फोटकें ठराविक क्रमानें ठेवून त्यास पाडावें लागतें. डावा पाय केव्हां, उजवा केव्हां, हा क्रम तो रणगाडा बनविणारा डॉक्टर पेट्रोविच सांगतो. आणि तोहि त्याची मुलगी एलन हिची सुटका केल्याखेरीज तोंड उघडीत नाहीं. नकलेंत त्या जागीं एक मोठा संगणक उभा करून काम भागविलें आहे. वरावांचून वरात निघाली म्हणावयाची! अमेरिकन माहितीपुस्तकानें तर आणखी पुढें जाऊन व्हर्मन कटाफी या नांवाचा एक खलपुरुष निर्माण केला. लिबियाच्या तेव्हांच्या सत्ताधीशाच्या नांवावरची ती उघड कोटी होती. परंतु खेळ संपेपर्यंत या गृहस्थाचें दर्शन म्हणून होत नाहीं. पहारेकऱ्यांच्या तोंडचें इंग्रजी हा तर हास्याचा विषयच होऊन बसला आहे. ज्यानें वर्गावर वर्षानुवर्षें इंग्रजी वाक्यें तपासलीं आहेत त्यानें ‘ट्रक’ या एकवचनी कर्त्यापुढें अनेकवचनी क्रियापद पाहून लाल पेन्सिल शोधावी, यांत नवल नाहीं.

कोजिमानें या आवृत्तीवर पुढें उघड टीका केली आहे, आणि निर्मात्याचा तो रागहि समजण्यासारखा आहे. परंतु तिचा नुसता धिक्कार करून मोकळें होणें हें इतिहासाच्या दृष्टीनें बरोबर होणार नाहीं. एमएसएक्स संगणक जपानाप्रमाणेंच हॉलंड, स्पेन, ब्राझील, कोरिया या देशांत खपले. अमेरिकेंत त्यांस थारा मिळाला नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील मुलांस ‘मेटल गिअर’ हें नांव कळलें तें या नकलेमुळें. युरोपांत १९८७ सालींच मूळ प्रत इंग्रजींत निघाली होती खरी, पण तिचीहि स्थिति समाधानकारक नव्हती. जपानी प्रतींत बिनतारीवरचे दीडशेंहून अधिक संदेश आहेत. इंग्रजी प्रतींत त्यांतील जवळजवळ निम्मे गाळले गेले. ज्या आवाजावर आधीं विश्वास बसला पाहिजे तो आवाजच अर्धा कापला, तर शेवटचा विश्वासघात कितीसा झोंबणार? म्हणजे इंग्रजी वाचकापुढें दोन प्रती होत्या: एकींत शरीर बदललेलें, दुसरींत कंठ चोंदलेला. अखंड मूळ काय तें जपानींतच राहिलें.

शिवाय नकलेनें मूळ निर्मात्यावर एक असा उपकार केला आहे कीं ज्याची कल्पना तिच्या कर्त्यांसहि नसेल. अमेरिकेंतील खप पाहून कोनामीनें त्या बाजारासाठीं ‘स्नेक्स रिव्हेंज’ नांवाचा पुढचा भाग करावयास घेतला. तो १९९० सालीं निघाला. त्यावर काम करणारा एक सहकारी कोजिमास आगगाडींत भेटला, आणि खरा पुढचा भाग तूंच लिहावास, असें त्यास म्हणाला. या संभाषणांतून ‘मेटल गिअर २: सॉलिड स्नेक’ जन्मास आला, आणि त्याच १९९० सालच्या जुलैमध्यें एमएसएक्स-२ वर प्रसिद्ध झाला. त्यांत पहारेकऱ्याची दृष्टि सरळ रेषा सोडून पंख्यासारखी पसरते, त्यास पावलांचा आवाज ऐकूं येतो, नायकास सरपटतां येतें, आणि आसपासचे पडदे दाखविणारा रडारहि पडद्याच्या कोपऱ्यांत आला आहे. १९९८ सालीं प्लेस्टेशनवर ‘मेटल गिअर सॉलिड’ निघाला आणि त्याची जगभर वाहवा झाली, तेव्हां त्यांतील नवलाच्या पुष्कळ गोष्टी आठ वर्षांपूर्वींच या दुसऱ्या भागांत येऊन गेल्या आहेत हें जपानाबाहेर थोड्यांनाच माहीत होतें. कारण तो भाग तोंपर्यंत अधिकृतपणें इंग्रजींत आलाच नव्हता. भ्रष्ट नकलेचा खप झाला नसता तर अमेरिकेसाठीं पुढचा भाग निघाला नसता, तो निघाला नसता तर आगगाडींतलें तें बोलणें झालें नसतें. वंशावळ शुद्ध ठेवणाऱ्यांस ही गोष्ट अडचणीची वाटेल, पण ती खरी आहे.

मूळ प्रतीचें पुनरुज्जीवन झालें तें ‘मेटल गिअर सॉलिड ३’च्या ‘सब्सिस्टन्स’ या वाढीव आवृत्तींत. ती जपानांत २००५ च्या डिसेंबरांत व अमेरिकेंत २००६ च्या मार्चमध्यें निघाली, आणि तिच्या पोटांत एमएसएक्सचे दोन्ही खेळ पुरवणीदाखल घातलेले होते. अमेरिकन वाचकास मूळ ‘मेटल गिअर’ अधिकृतपणें मिळाला तो असा, एकोणीस वर्षांनीं. मात्र या पुनर्मुद्रणांतहि संपादकाचा हात फिरलेला आहे. इंग्रजी मजकूर नव्यानें केला, कांहीं शत्रूंचीं नांवें बदललीं, सोपी पायरी जोडली. आणि दुसऱ्या भागांतील पात्रांचीं चित्रें, जीं प्रसिद्ध नटांच्या चेहऱ्यांवरून उतरलेलीं दिसत, तीं काढून नवीं घातलीं. पाठशुद्धीचे हे प्रयत्न स्तुत्य आहेत, तरी १९८७ सालीं टोकियोंतल्या एखाद्या मुलानें जें कार्ट्रिज आपल्या संगणकांत खोंचलें तें नेमकें हेंच, असें म्हणतां येत नाहीं.

मूळ प्रत निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. दारें उघडण्यासाठीं आठ निरनिराळीं कार्डें आहेत, आणि कोणत्या दारास कोणतें लागतें याचा पत्ता नसल्यामुळें प्रत्येक दारापुढें उभें राहून एकेक कार्ड काढून पाहावें लागतें. विषारी वायूच्या खोलींत तर याचा कळस होतो. मुखवटा आणि कार्ड ही दोन्ही एका वेळीं धारण करतां येत नाहींत. कार्ड हातीं घ्यावें तर मुखवटा उतरतो, आणि दार उघडेपर्यंत नायकाचा जीव ओसरत जातो. खोली सोडून परत यावें तों मारलेले पहारेकरी पुन्हां जागच्या जागीं उभे. या गोष्टी सोसावयास तरुणपण किंवा चिकाटी यांपैकीं एक तरी जवळ असावें लागतें. प्रस्तुत लेखकास दुसरीवरच भागवावें लागलें. पण यंत्राची अडचण आणि रचनाकाराची चूक या दोहोंत फरक करावा. वायूच्या खोलींतील जाच ही रचनेची चूक आहे. सरळ दृष्टि आणि स्थिर पडदा या अडचणींतून निघालेल्या जमेच्या बाजू आहेत. पुढील खेळांच्या मापानें या खेळास मोजणारे टीकाकार दोन्ही एकाच खात्यांत लिहितात, आणि म्हणून त्यांस तो केवळ एक कच्चा खर्डा वाटतो.

कोजिमानें स्वतःहि आपल्या मूळ कृतीवर उत्तरकाळीं एक भाष्य लिहिलें आहे, तें २०१५ सालच्या ‘द फॅन्टम पेन’ या खेळाच्या रूपानें. पहिल्या भागांत मेलेला बिग बॉस दुसऱ्या भागांत जिवंत कसा, ही अडचण जुनीच होती. या नव्या खेळानें ती सोडविली ती अशी, कीं आउटर हेवनमध्यें स्नेकनें ज्यास मारलें तो खरा बिग बॉस नव्हेच. शस्त्रक्रियेनें त्याचें रूप दिलेला तो एक तोतया. शेवटच्या दृश्यांत हा तोतया आरशासमोर उभा असतो. त्याच्या हातीं एक कॅसेट असते, तिच्या एका बाजूवर १९८७ सालच्या मोहिमेचें ‘ऑपरेशन इन्ट्रूड एन ३१३’ हें नांव असतें, आणि तो ती एमएसएक्सच्या टेपयंत्रांत घालतो. मूळ खेळ कॅसेटवर नव्हे, कार्ट्रिजवर निघाला होता. कॅसेटचा उपयोग अर्धवट राहिलेला डाव जतन करण्यापुरता होता. तरी ही मानवंदना हृद्य आहे यांत शंका नाहीं. भाष्य म्हणून मात्र मला तें मान्य होत नाहीं. बिनतारीवरचा आवाज ज्याचा वाटला त्याचाच होता, हीच त्या जुन्या खेळाची शोकान्त बाजू. तो तोतयाचा ठरविला कीं विश्वासघात उरत नाहीं, नुसती वेषांतराची कथा उरते.

२०२३ च्या ऑक्टोबरांत कोनामीनें जो संग्रह काढला त्यांत एमएसएक्सचे दोन्ही खेळ, फॅमिकॉमची नक्कल आणि ‘स्नेक्स रिव्हेंज’ हीं सर्व शेजारी शेजारी मांडलेलीं आहेत, आणि पाठभेद पाहण्याची एवढी सोय पूर्वीं कधींच नव्हती. ज्यास एकच पाहावयास वेळ असेल त्यानें १९८७ सालच्या जुलैमधील खेळ उघडावा, जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, आणि बिनतारीवर येणारा एकहि संदेश वगळूं नये. शेवटाजवळ तो हुकूम येईल, एमएसएक्स बंद कर. आणि ज्याच्या पुढ्यांत तो येईल त्याच्या घरांत बंद करावयास एमएसएक्स नसेल.